आर विचारू नये

डिचोलीच्या बाजारामागे एका बेकरीच्या वर सरांचा क्लास होता आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'येथे सी शिकवली जाते. आर विचारू नये.' पाटी सरांनी स्वतः रंगवली होती, पहिलं वाक्य निळ्या रंगात आणि दुसरं तांबड्या. आमच्याकडे अजगराला आर म्हणतात. पायथन या संगणकाच्या भाषेचं खरं नाव सरांच्या तोंडून कधी निघालं नाही. ते तिला आरच म्हणत. त्यामुळे खाली पाव न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा समज असा होता की वर कोणी साप धरणारा राहतो. एक आजी तर गोठ्यात आर शिरल्याची वर्दी घेऊन थेट वर्गात आली. सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, पाटीवरची दोन्ही वाक्यं समजावून सांगितली, आणि मग काठी घेऊन तिच्याबरोबर गेले. आर तोवर आपल्या वाटेनं निघून गेला होता. सर परत आले ते दुधी भोपळा घेऊन.

बेकरीच्या वरची खोली त्यांनी मुद्दाम घेतली होती. भट्टीची ऊब खालून येते, म्हणून पावसाळ्यात संगणकांना बुरशी लागत नाही, हे त्यांचं शास्त्र. ते खरंही होतं. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच उबेनं आमचे उंडे, म्हणजे भट्टीतले गोल पाव, व्हायचे, त्याबद्दल शास्त्र गप्प होतं. वर्गाचं वेळापत्रक खालचा पोदेर, म्हणजे पाववाला, ठरवायचा. दुपारचा पाव भट्टीतून बाहेर आला की वास जिन्यानं वर येई आणि सर खडू खाली ठेवीत. मग गरम उंडे आणि बिनदुधाचा चहा. त्या दहा-पंधरा मिनिटांत संगणकाविषयी बोललेलं त्यांना चालत नसे.

सर मूळचे पाळी गावचे. खाण जोरात होती तेव्हा तिथल्या काट्यावर, म्हणजे खनिजाचे ट्रक तोलतात त्या काट्यावर, त्यांचा प्रोग्राम चाले. तो त्यांनी सीमध्ये लिहिला होता. खाण बंद पडली, ट्रक थांबले, सरांची नोकरी गेली. "पण प्रोग्राम अजून चुकूक नाय," असं ते छाती काढून सांगत. तोलायला ट्रकच येत नसला तर प्रोग्राम चुकणार कशाला, हे त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

माझे वडील त्याच खाणीवर ट्रक चालवायचे. म्हणून तर मी तिथे पोचले. बीकॉम झाल्यावर मला संगणकाचं काहीतरी शिकायचं होतं आणि घरच्यांच्या मनात माझी रवानगी हरमलला करायची होती. तिथे काकाच्या खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्यानं देतो. त्याला चादरी मोजायला, चाव्या द्यायला आणि रशियन माणसांशी इंग्रजीत भांडायला घरचं माणूस हवं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी गणेश चतुर्थीच्या तोंडावर वडील म्हणाले, "ह्या चवथीपासून फुडल्या चवथीपर्यंत शीक. एक वरस. तेच्यात काय झाला तर झाला, नायतर काकाकडे जावचा. मगे रडाचा नाय." आणि शिकायचं तर कुठे, हेही त्यांनीच ठरवलं. सरांकडे. का, तर त्या माणसानं आपल्या गाडीचं वजन कधी खोटं सांगितलं नाही. संगणकाच्या शिक्षकाची एवढी चौकशी आमच्या हळर्ण गावात पुरेशी होती.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसायच्या आधीच सरांनी विचारलं, "कोणाचा गो तू?"

आमच्याकडे मुलगी म्हणजे चेडू, आणि चेडू 'ती' नव्हे, 'ता'. मी नाव सांगितलं. नाव त्यांना नकोच होतं. कोणाची, कुठल्या वाड्यावरची, आजोळ कुठलं, सगळं झाल्यावर ते म्हणाले, "आता बस. सी अशीच आसा. तिच्या घरात कोणाक हाडलास, तर आदी सांगूचा लागता, ह्यो कोण, कोणाचो, मोठो काय बारीक, किती जागा लागतली. सांगल्याशिवाय ती उंबरो ओलांडूक देवची नाय." ते पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे जाहीर करण्याविषयी बोलत होते, हे मला महिन्यानं कळलं. पण कळलं ते कायमचं.

त्यांची शिकवायची रीत गाऱ्हाण्याची. देवळात जत्रेला, शिमग्याला मानकरी देवापुढे उभा राहून गावाचं गाऱ्हाणं घालतो आणि लोक मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं. सरांच्या वर्गात कळफलकाला हात लावण्याआधी प्रोग्राम गाऱ्हाण्यासारखा मोठ्यानं म्हणायचा, असा नियम होता. ज्याला म्हणता येईना त्यानं टंकायचं नाही. माझं पहिलं गाऱ्हाणं त्यांनीच घातलं, हात जोडून, बंद पडद्याकडे बघत: "बा देवा म्हाराजा, हळर्णच्या ह्या चेडवान आज तुज्याकडे धा आकडे हाडलेत."

"व्हय म्हाराजा," अख्खा वर्ग.

"ता तुका ते एक एक करून देतला. तू तेतलो सगळ्यात मोठो बाजूक काढून ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आनी आकडो म्हणान कोणी चुकान आंबो दिल्यान, तर तो तेचो तेका परत कर, पण रुसान बसू नको."

"व्हय म्हाराजा."

मला हसू आवरेना. पण घरी जाताना बसमध्ये मनाशी म्हणून बघितलं, तर सगळा प्रोग्राम त्यात होता. काय येणार, त्याचं काय करायचं, चुकलं तर काय करायचं. माणसं नुसतं मागणं मागतात, चुकीची सोय करत नाहीत, असं सर म्हणत. गाऱ्हाण्यात मात्र 'जाणता-अजाणता काय चुकला असात तर' हे आधीपासून असतंच. आमच्या वाडवडिलांना प्रोग्राम लिहिता येत होते, फक्त वीज नव्हती, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि मला ते कधी पटलं नाही.

चुकीच्या संदेशाला ते देवचार म्हणायचे. आमच्याकडे देवचार गावाची शीव राखतो, रात्री फिरतो, काठी आपटतो, घाबरवतो पण मारत नाही. सीमध्ये एका ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तर चूक दिसते पुढच्या ओळीवर. नवीन पोरं त्या पुढच्या ओळीकडे तासभर डोळे फाडून बघत बसत. सर मागून येऊन सांगत, "काठयेचो आवाज फुडे येता. चूक फाटल्यान आसता. फाटी बघ." एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्याच संगणकांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी देवचाराला म्हणून एक रोट आणि विडी खिडकीत ठेवली. रोट पोदेरानं दिला होता. विडी दुसऱ्या दिवशी पोदेरच ओढताना दिसला.

असं सगळं मजेत चाललं होतं. दिवाळीला पुण्याहून माझी मावसबहीण आली. ती तिथे संगणकाच्याच कामात आहे. मी सी शिकते म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्याकडे एक वर्ष आहे ना? मग पायथन शीक. सी चांगलीच आहे, पण चार वर्षं असतील तर. तुला चवथीपर्यंत कोण नोकरी देणार सीवर?"

माझी झोप उडाली. वर्षातले महिने माझ्या डोळ्यांसमोर एक एक करून हरमलच्या चादरींसारखे दोरीवर लटकायला लागले. सोमवारी मी क्लासला गेले ती सरळ सरांपुढे उभी राहिले. पाटी वाचूनच जिना चढले होते, पण मला तिची पर्वा उरली नव्हती.

"सर, मी सी शिकू की पायथन?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "माका इचारू नको." मग नेहमीसारखं शिकवायला लागले. मला वाटलं, आपली दुकानदारी सांभाळायला माणूस गप्प बसलाय. मी त्या दिवशी उंडा खाल्ला नाही.

त्या आठवड्यापासून सरांनी रविवारचा वर्ग बंद केला. कोणी म्हणे, दशावतारात काम करतात. कोणी म्हणे, पाळीला घर दुरुस्तीला काढलंय. साधारण थंडी संपता संपता एक दिवस चहाच्या वेळी, म्हणजे जेव्हा संगणकाविषयी बोलायचं नाही असा त्यांचाच नियम होता तेव्हा, ते मला म्हणाले, "मी आर शिकतंय. म्हापशाक, दर आयताराक."

उंडा माझ्या हातातच राहिला.

"तू इचारलंस. माका येणा नाय, तर मी काय सांगू? जी भास माका येणा नाय, तिका बरी म्हणूचो माका हक्क नाय आनी वायट म्हणूचोय नाय. म्हणान तर पाटी लायलंय."

म्हणजे ती पाटी तोऱ्याची नव्हती. मला जे माहीत नाही ते मला विचारू नका, एवढाच तिचा अर्थ होता. साठीला टेकलेला हा माणूस माझ्या एका प्रश्नासाठी दर रविवारी दोन बसेस बदलून विशीतल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसत होता. मला इतकं भरून आलं की मी चहात बघत राहिले.

"पण एक सांगतंय," सर म्हणाले, "ह्या आरात माका फारसा काय दिसणा नाय. आकड्यांचे तक्ते, सरासरी, आलेख. म्हापशाचे बारदेशकार तिका इंग्लिशीतय आरच म्हणतत, ता मात्र माका आवाडला." आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. वर मोठं इंग्रजी अक्षर R, आणि खाली प्रत्येक ओळीत एक डावीकडे रोखलेला बाण. "बघ. आर बाण मारता."

मला पायथन येत नव्हती, पण बाण पाहून काहीतरी खटकलं. मी कागदाचा फोटो मावसबहिणीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं आणि त्यात हसण्याची चित्रं शब्दांपेक्षा जास्त होती. आर नावाची एक वेगळीच भाषा आहे, इंग्रजी अक्षर R, संख्याशास्त्रवाले वापरतात. सरांनी म्हापशाच्या क्लासात जाऊन "माका आर शिकूचो आसा" असं सांगितलं आणि तिथल्यांनी त्यांना सरळ त्या भाषेच्या वर्गात नेऊन बसवलं. तिथे फळ्यावर R बघून सरांना वाटलं, आपला शब्द बार्देशपर्यंत पोचला. ते त्या आनंदात इतके दिवस भलतीच भाषा शिकत राहिले.

हे त्यांना सांगायचं कसं? मी सांगितलं. सरांनी खिशातला कागद पुन्हा उलगडला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आर दोन आसत?"

"हो सर."

मग जे हसायला लागले ते पोदेर जिन्यावर येऊन डोकावून गेला तरी थांबेनात. मीही हसले. पण हसता हसता मी महिने मोजत होते. या घोटाळ्यात दिवाळी गेली, जत्रा गेल्या, शिमगा तोंडावर आला, आणि माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारपासून सर खऱ्या आराच्या वर्गात गेले.

शिमगा झाला आणि एके दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "तू आर शीक. दुसरो. खरो. सी तुका चूल कशी घालतत, लाकडा कशी फोडतत, सगळा शिकयतली, पण चवथीपर्यंत पान वाढूची नाय. आर वाढतली. फाल्यापासून हयसर येव नको."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी भडकले. "मग गेल्या चवथीलाच का नाही सांगितलंत?"

"गेल्या चवथीक माका म्हायत नव्हता."

मी पुस्तकं उचलली आणि जिना उतरले. बसमध्ये मी रडले, रागानं. खोटं न बोलणाऱ्या माणसावर रागवायला जागाच सापडत नाही, आणि म्हणून तो राग जास्त दिवस टिकतो.

म्हापशाच्या वर्गात मी पहिल्या रविवारी गेले, तर मागच्या बाकावर सर. उत्तर मिळालं तरी त्यांनी शिकणं सोडलं नव्हतं. अर्धवट ठेवलेली भाषा म्हणजे अर्धा सोललेला नारळ, कोणाच्याच कामाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शेजारी तेवढी जागा मोकळी होती. मी बसले. ते कुजबुजले, "हयसर माका सर म्हणू नको. तीच सर." समोर शिकवणारी मुलगी माझ्याच वयाची, बेळगावकडची, वडील कारखान्यात कामाला म्हणून इकडे आलेली. आता सर म्हणायचं नाही तर हाक कशी मारायची? मी एकदा "अहो" म्हटलं तर सगळा वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर मी त्यांना नुसतं कोपरानं ढोसायची.

सर प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम घालायचे. हात वळणावर गेलेला. "कशाला घालायला लागलाय ओ हे?" ती मुलगी वैतागायची. सर विचारायचे, "चालता मगे?" ती म्हणायची, "चालतंय, पण नको." चालतं आणि तरी नको, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. या भाषेत ओळीआधी किती जागा मोकळी सोडली यावर अर्थ बदलतो, याचं मात्र त्यांना अप्रूप वाटलं. "बोललेला सगळीच आयकतत," ते मला म्हणाले, "ही गप रवलेलाय मोजता."

पण त्यांना जड जात होतं. कुणालाही आत घेणारी भाषा त्यांना सहन होईना. प्रत्येक नावापुढे ते हा कोण, कोणाचा, याची टिप्पणी लिहीत बसत, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असे. पावसाळा लागला तेव्हा मी त्यांच्या पुढे होते. ते माझ्या पडद्याकडे मान वाकडी करून बघायचे आणि हळूच विचारायचे, "हयसर ही जागा कित्याक सोडलंस?" मला ते बघवत नसे. ज्यानं मला पहिलं गाऱ्हाणं शिकवलं त्यानं माझं बघून लिहावं, याचं मला वाईट वाटायचं. त्यांना काहीच वाटत नव्हतं. सांगितलं की ते खूश होऊन लिहायला लागायचे, तोंडानं पुटपुटत, शेवटी अर्धविराम देऊन.

श्रावणात त्या बेळगावच्या मुलीनं माझं नाव पर्वरीच्या एका ऑफिसात सुचवलं. त्यांनी चाचणीला बोलावलं, पण चवथीनंतर. मी तारीख बघितली आणि खाली बसले. वर्ष चवथीला संपत होतं. काकानं तर हंगामाआधी खोल्या झाडायला मला चवथीच्या दुसऱ्या दिवशीच न्यायचं ठरवलं होतं. मी वडिलांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "बघूया," म्हणाले. आमच्या घरात 'बघूया'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच होत आलाय.

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या डोक्यावर बांधायची रानातली फळं, फुलं, सुपाऱ्यांचे घोस. वडिलांबरोबर मी गेले होते. सगळं घेऊन झालं, स्कूटरच्या हँडलला पिशव्या लटकल्या, आणि वडील घराकडे वळायचे ते बेकरीच्या जिन्याकडे वळले. हातात सुपारीचा घोस तसाच. मी मागोमाग. सर एकटेच होते. वर्गाला चवथीची सुट्टी पडली होती.

वडिलांनी चप्पल बाहेर काढली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, तुमी काट्यावर होतास तेवा मी कधी दुसऱ्यांदा तोलून मागूक नाय," ते म्हणाले. "आज एक इचारतंय. माज्या चेडवाक ह्या कायता येता काय नाय? खरा सांगा. येणा नसला तर परवा मी तेका हरमलाक पोचयतंय."

सर एवढंसं चांगलं बोलले असते तरी माझं काम झालं असतं. हुशार आहे, मेहनती आहे, काहीही. पण मला सर ठाऊक होते. त्यांनी वडिलांकडे बघितलं आणि मान हलवली.

"ता माका सांगूक जमाचा नाय," ते म्हणाले.

वडिलांचा चेहरा पडला. माझाही.

"मी तेका शिकयलंय ता सी. ता आता करता ती भास येगळी. थंय मी तेचो मास्तर न्हय." सर खुर्चीतून उठले. "मी तेच्या वर्गात आसय. शेजारी बसतंय. माका अडला की मी तेका इचारतंय. ता सांगता, मी लिवतंय."

वडील तसेच उभे. सरांनी दोघांसाठी चहा ओतला. वडिलांनी तो उभ्यानंच, एका दमात घेतला, कप धुवून पालथा ठेवला, आणि आम्ही खाली आलो. वाटेत मुळगाव आलं. मी मागे बसून माटोळीची पिशवी पोटाशी धरली होती आणि त्यांच्या पाठीवरून काही कळतंय का बघत होते. पुलाजवळ त्यांनी स्कूटरचा वेग कमी केला.

"हरमलच्या काकाक कोण सांगतला?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "तू काय मी?"

"मीच सांगते," मी म्हटलं.